दोन सर्व्हरवर अखंड साठवणूक : डीआरबीडी ठेवावे, की सेफकडे जावे?

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

नमस्कार. लातूरमधील एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचा संगणक विभाग मी गेली सहा वर्षे सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक सहकारी, एवढाच. सीटी स्कॅन, दोन एक्स-रे आणि सोनोग्राफी यांच्या प्रतिमा ऑर्थँक या मुक्त स्रोत सर्व्हरमध्ये जमा होतात. रुग्णनोंदणी आणि बिले पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जातात. एकूण साठा आजमितीस ९ टेराबाइटच्या आसपास आहे.

यंत्र बंद पडले म्हणून सीटीसाठी आलेला रुग्ण ताटकळत बसू नये, या हेतूने तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन सर्व्हर घेतले. एक तळमजल्यावर क्ष-किरण विभागाशेजारी ठेवला आणि दुसरा दुसऱ्या मजल्यावर लेखा विभागात, म्हणजे आग लागली किंवा पाणी शिरले तरी एक वाचेल. डिस्कवर लिहिला जाणारा प्रत्येक ब्लॉक डीआरबीडी हे सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावरही लिहिते आणि दोन्हीकडे लिहून झाल्यावरच काम पूर्ण झाल्याचे कळवते. पहिले यंत्र पडले, तर पेसमेकर आणि कोरोसिंक ही सॉफ्टवेअरची जोडी दुसऱ्यावर सेवा सुरू करते. वायर काढून चाचणी घेतली होती, ती उत्तम पार पडली, आणि त्यानंतर तीन वर्षे आम्ही तिकडे फिरकलो नाही.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. दोन्ही सर्व्हर यूपीएसवर होते, दोन्ही मजल्यांचे मुख्य स्विचही यूपीएसवर होते. मात्र दोन मजल्यांना जोडणारा आठ पोर्टचा छोटा स्विच जिन्यातल्या पेटीत, साध्या बोर्डावर लावलेला होता. जनरेटर सुरू झाल्यावर बाकी सगळे पूर्ववत झाले, पण त्या स्विचचा अडॅप्टर जळाला. खालच्या सर्व्हरला वाटले वरचा गेला. वरच्याला वाटले खालचा गेला. वरच्याने नेमून दिल्याप्रमाणे स्वतःला मुख्य घोषित केले आणि सामायिक आयपी पत्ता स्वतःकडे घेतला. त्यानंतर २ तास ४० मिनिटे तळमजल्यावरचे सीटी व एक्स-रे खालच्या सर्व्हरवर लिहीत होते आणि वरच्या मजल्यावरची नोंदणी, बिले व वरचे एक्स-रे यंत्र वरच्या सर्व्हरवर. कोणाचीही तक्रार आली नाही, कारण प्रत्येकाचे काम सुरळीत चालले होते.

सहकाऱ्याने नवा अडॅप्टर लावल्यावर दोन्ही यंत्रे एकमेकांना दिसू लागली आणि लॉगमध्ये ओळ उमटली : ‘स्प्लिट-ब्रेन डिटेक्टेड, ड्रॉपिंग कनेक्शन’. दोघांकडेही एकमेकांत न मिसळणारे बदल होते. मी घाईत वरच्या सर्व्हरचे बदल टाकून द्यायचे ठरवले, कारण सीटीच्या प्रतिमा खाली होत्या. एक्स-रे यंत्र स्वतःच्या डिस्कवर काही दिवसांच्या प्रतिमा ठेवते, म्हणून त्या पुन्हा पाठवता आल्या. नोंदणी आणि बिले मात्र पावती पुस्तकावरून हाताने भरावी लागली. लेखा विभागातील ताई रात्री साडेनऊपर्यंत बसल्या होत्या आणि त्या माझ्याशी आजही मोजकेच बोलतात.

आता व्यवस्थापन म्हणते की ‘पक्के’ काहीतरी करा. अनेक यंत्रांच्या डिस्क जोडून एकच साठा करणाऱ्या सेफ या सॉफ्टवेअरचे नाव सगळीकडे ऐकू येते. एक नवीन सर्व्हर घेता येईल, एवढाच निधी आहे. डीआरबीडी ठेवावे, सेफकडे जावे, की आणखी काही?

खाम (छत्रपती संभाजीनगर)

धागा सविस्तर लिहिलात, धन्यवाद. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत याच स्वरूपाचे काम करतो, तेव्हा हे दुखणे ओळखीचे आहे.

डीआरबीडीला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारतो. पेसमेकर बसवताना फेन्सिंगची व्यवस्था नसल्यामुळे तो सेवा सुरू करायलाच नकार देतो. मग कुठल्या तरी मार्गदर्शक लेखातली, फेन्सिंग बंद करणारी एक ओळ आपण चिकटवतो आणि सगळे हिरवे दिसू लागते. आपणही ती ओळ चिकटवली होती का?

फेन्सिंगला त्या क्षेत्रात ‘स्टोनिथ’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ, दुसऱ्या यंत्राला आधी ठार करा, मगच गादीवर बसा. ऐकायला क्रूर वाटते, पण त्यामागचा विचार पक्का आहे : समोरचा उत्तर देत नाही याचा अर्थ तो मेला असा होत नाही, कदाचित मधली वाट तुटली असेल. आपल्या जिन्यातला स्विच म्हणजे तीच वाट. दोनच यंत्रे असतील तर या दोन शक्यतांमधला फरक कोणत्याही सॉफ्टवेअरला आतून ओळखता येत नाही, मग ते मुक्त स्रोत असो वा लाखो रुपयांचे.

म्हणून तिसरे मत लागते. ते मत देणाऱ्याकडे डेटा असण्याची गरज नाही. लिनक्स कर्नलसोबत येणारे डीआरबीडी ८.४ मालिकेचे आहे. ते २०१० साली २.६.३३ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे, पण त्यात कोरमची, म्हणजे बहुमत पाहूनच लिहू देण्याची, सोय नाही. डीआरबीडी ९ मध्ये ती आहे, आणि डिस्क नसलेले तिसरे यंत्र केवळ साक्षीदार म्हणून जोडता येते. वाट तुटली की ज्या बाजूला दोन मते आहेत ती बाजू चालू राहते आणि एकट्या पडलेल्या यंत्रावर लिहिणे थांबते. कोरोसिंकसाठीही त्याच तिसऱ्या यंत्रावर मत देणारी क्यूनेटडी ही छोटी सेवा चालवता येते. यासाठी जुना डेस्कटॉप पुरतो, नव्या सर्व्हरची गरज नाही.

दुसरे म्हणजे, दोन्ही सर्व्हरच्या मोकळ्या नेटवर्क पोर्टांमध्ये थेट एक केबल टाका, मध्ये कोणताही स्विच नको. कोरोसिंकला दोन स्वतंत्र मार्ग देता येतात. ही केबल असती तर त्या दुपारी दोघांनाही एकमेकांची खबर लागली असती.

आडत_दुकान (जालना)

मोंढ्यातील सात-आठ आडत्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याने येथे बोलावे का, हे कळत नाही, तरी विचारतो. एकच चांगला सर्व्हर, त्यात रेड पद्धतीने चार डिस्क आणि रात्री बाहेर एक प्रत, एवढ्यावर भागत नाही का? हे दोन मजले, तीन मते वगैरे वाचून मला आमच्या बाजार समितीच्या निवडणुकीची आठवण झाली.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

आडत_दुकान भाऊ, प्रश्न अगदी योग्य आहे आणि आपल्या कामासाठी उत्तर बहुधा ‘भागते’ असेच आहे. रेडची कल्पना १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. ती एका डिस्कच्या मरणापासून वाचवते. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय किंवा रेड कार्डच गेले तर नाही. मग नवा भाग येईपर्यंत थांबावे लागते, आणि जालन्यात तो भाग त्याच दिवशी मिळेल याची खात्री आपणच द्या.

आधी ठरवायचे ते हे, की किती वेळ बंद चालेल. वर्षात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. पहिला आकडा एका चांगल्या यंत्रावर आणि कपाटात ठेवलेल्या सुट्या भागांवर गाठता येतो. दुसरा गाठायचा तर रात्री दोन वाजता कोणी जागे नसतानाही यंत्रांनी स्वतः निर्णय घ्यायला हवा. आडत दुकानात हंगाम सोडला तर पहिला पुरतो.

गोदातीर (नांदेड)

मी एका शैक्षणिक संस्थेसाठी चार वर्षे सेफ चालवतो आहे, म्हणून थोडे त्याच्या बाजूने लिहितो.

सेफची मांडणी वेगळ्या विचारातून आली आहे. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत पीएच.डी.साठी ती केली. मूळ शोधनिबंध २००६ चा आहे. नाव सेफॅलोपॉड, म्हणजे ऑक्टोपसच्या कुळावरून आले आहे. आपल्याकडे ते ‘सुरक्षित’ असे ऐकू येते आणि निम्मे ग्राहक तेथेच फसतात. डीआरबीडीत एका डिस्कची जुळी डिस्क असते. सेफमध्ये जोडी नसतेच. प्रत्येक वस्तू कोणत्या डिस्कांवर आहे याची मोठी यादी कोणाकडेही नसते. क्रश नावाच्या सूत्रात वस्तूचे नाव आणि यंत्रांचा नकाशा घातला की जागा निघते. ग्राहकही तेच गणित करतो आणि थेट त्या डिस्कच्या दारात जातो. एखादी डिस्क गेली तर बाकीच्या सगळ्या मिळून तिची भरपाई करतात.

आता तोटे लिहितो, नाहीतर मी विक्रेता वाटेन. नेहमीच्या मांडणीत तीन प्रती असतात, म्हणजे ३० टेराबाइट डिस्क घेतल्या तर १० टेराबाइट जागा मिळते, आणि तीही पूर्ण वापरायची नाही : ८५ टक्के भरले की ते ओरडू लागते आणि ९५ टक्क्यांवर लिहिणे बंद करते. डिस्कमागे सुमारे ४ गीगाबाइट मेमरी गृहीत धरावी. १० गीगाबिटचे जाळे हवे. आणि घरगुती एसएसडी अजिबात नको. वीज गेल्यावर हातातले लिखाण पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर त्यांत नसतात, त्यामुळे ‘खरोखर लिहिले का?’ या प्रत्येक प्रश्नाला त्या फार वेळ घेऊन उत्तर देतात आणि सेफ हा प्रश्न सतत विचारत असते. आम्ही पहिल्या वर्षी स्वस्त एसएसडी घातल्या होत्या. ग्रंथालयाची नोंद उघडायला इतका वेळ लागे, की ग्रंथपाल मॅडमनी जुने कार्ड-कपाट पुन्हा बाहेर काढले.

तीनच यंत्रे असतील तर आणखी एक अडचण आहे, आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा, प्रत्येक यंत्रात ८ टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत आणि दोन्ही ६० टक्के भरल्या आहेत. एक डिस्क मेली. प्रत्येक यंत्रावर एक प्रत असावी असा नियम असल्याने तिची भरपाई त्याच यंत्रातल्या उरलेल्या डिस्कवर व्हायला हवी. ४.८ अधिक ४.८ म्हणजे ९.६, डिस्क ८ ची. म्हणजे एक डिस्क जाते आणि तिच्या शेजारची भरून बंद पडते. म्हणून यंत्रात दोन मोठ्या डिस्कांऐवजी पाच-सहा लहान डिस्क बऱ्या.

पैसे वाचवायला दोन प्रती ठेवून एकीवरही लिहू द्यावे, असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नये. तीन प्रती आणि निदान दोन जिवंत असतील तरच लिहिणे, ही मूळ मांडणी तशीच ठेवावी.

ज्वारीचे_कणीस (परभणी)

गोदातीर सरांनी तोटे प्रामाणिकपणे लिहिले, आणि ते वाचून माझे मत असे झाले की दोन माणसांच्या विभागाने सेफच्या वाटेला जाऊ नये. ते सॉफ्टवेअर वाईट आहे असे नाही. युरोपातील सर्न प्रयोगशाळा ते प्रचंड प्रमाणावर वापरते. पण तेथे त्यासाठी वेगळी माणसे आहेत. धागाकर्ते सुटीवर गावी गेले आणि पडद्यावर ‘पीजी इनकंप्लीट’ अशी सेफची त्रुटी आली, तर सहकाऱ्याने काय करायचे?

माझा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. प्रतिमा आणि नोंदणी यांना एकाच तराजूत का तोलता? सीटीची प्रतिमा एकदा लिहिली की बदलत नाही, आणि यंत्राकडे तिची काही दिवसांची प्रत असते, हे धाग्यातच आले आहे. बिलाची नोंद मात्र क्षणाक्षणाला बदलते आणि तिची प्रत फक्त पावती पुस्तकात असते. प्रतिमांसाठी झेडएफएस ही फाईल-प्रणाली घ्यावी. सन मायक्रोसिस्टिम्सने ते २००५ मध्ये मुक्त केले आणि आज ओपनझेडएफएस या नावाने ते लिनक्सवर चालते. दर पंधरा मिनिटांनी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊन त्यातला फक्त बदललेला भाग दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येतो. प्रत्येक ब्लॉकची चेकसम असते, त्यामुळे डिस्क मुकाट्याने चुकीचे वाचू लागली तर ते पकडले जाते. वैद्यकीय प्रतिमेच्या बाबतीत याचे महत्त्व मी सांगायला नको. अपघात झालाच तर शेवटच्या पंधरा मिनिटांच्या प्रतिमा यंत्रावरून पुन्हा पाठवायच्या.

डेटाबेससाठी पोस्टग्रेसची स्वतःची प्रतिकृती-व्यवस्था आहे. २०१० पासून ती थेट प्रवाहाने चालते आणि २०११ पासून समकालिक पद्धतीनेही. तिच्यावर पात्रोनी हे देखरेख करणारे सॉफ्टवेअर बसवून त्याला तीन यंत्रांवर चालणाऱ्या इटीसीडी या सेवेची तीन मते दिली, की मुख्य कोण हे बहुमताने ठरते. ९ टेराबाइटला कडेकोट पहारा देण्यापेक्षा डेटाबेसच्या, समजा, ४० गीगाबाइटला द्यावा.

आडत_दुकान (जालना)

हे शेवटचे वाक्य मी वहीत लिहून घेतले. आणखी एक विचारतो : ग्लस्टर नावाचे एक सोपे प्रकरण होते, आमच्या पुतण्याने महाविद्यालयात बसवले होते. त्याचे काय झाले?

गोदातीर (नांदेड)

खरोखर सोपे होते. साध्या फोल्डरांना ‘ब्रिक’ म्हणायचे आणि ते जोडून एक मोठा फोल्डर करायचा. दोन प्रती आणि फक्त फायलींची नावे व नोंदी ठेवणारा तिसरा ‘आर्बिटर’ अशी मांडणी करता येई, म्हणजे वर चर्चिलेला साक्षीदारच. रेड हॅटने २०११ मध्ये ती कंपनी सुमारे १३.६ कोटी डॉलरना घेतली. मात्र त्यांच्या व्यावसायिक आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. कोड अजून उपलब्ध आहे, पण नव्याने रुग्णालयाचा डेटा त्यावर ठेवायला मी सांगणार नाही.

ग्लस्टरच्या संस्थापकांपैकी आनंद बाबू पेरियासामी यांनी पुढे मिनआयओ हे साठवणुकीचे सॉफ्टवेअर सुरू केले. त्याचा परवाना २०२१ मध्ये अधिक कडक झाला आणि २०२५ मध्ये मुक्त आवृत्तीच्या पडद्यावरून व्यवस्थापनाच्या बहुतेक सोयी काढून टाकल्या गेल्या. मुक्त स्रोत निवडताना कोड कोणाच्या हातात आहे, एका कंपनीच्या की अनेकांच्या, हेही पाहावे. सेफमागची कंपनी २०१४ मध्ये रेड हॅटने घेतली असली तरी त्यात हातभार लावणारे अनेक आहेत. पोस्टग्रेस तर कोणा एकाच्या मालकीचे नाहीच.

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

सर्वांचे आभार. खाम सर, होय, ती ओळ मी चिकटवली होती. कोणत्या लेखातून, हेही आठवते.

एक शंका आहे. साक्षीदार यंत्र तळमजल्यावर ठेवले आणि पुन्हा वाट तुटली, तर वरचा सर्व्हर थांबेल. म्हणजे वरच्या मजल्यावरची नोंदणी बंद. गेल्या वेळी सगळे चुकीचे का होईना, चालू तरी होते. ‘पक्के’ करायला सांगितले आणि तुम्ही बंद पडणारे करून दिले, असे व्यवस्थापन म्हणणार.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

म्हणणारच, आणि त्याला उत्तर तयार ठेवायला हवे. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेले आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेले कॅप प्रमेय हेच सांगते : जाळे दुभंगले की प्रत्येकाला उत्तर देणे किंवा सर्वांना एकच उत्तर देणे, यांपैकी एकच साधते. त्या दुपारी आपल्या यंत्रांनी पहिले निवडले, आणि निवडले हे आपल्याला कळलेही नाही.

व्यवस्थापनाला प्रमेय सांगू नका. त्यांना विचारा की वीस मिनिटे नोंदणी थांबून पावती पुस्तक काढावे लागणे चालेल, की सगळे चालू दिसून रात्री साडेनऊपर्यंत दोन हिशेब जुळवावे लागणे? आणि थेट केबल टाकल्यावर अशी वेळ मुळात क्वचितच येईल.

बालाघाट (अंबाजोगाई)

बरेच दिवस वाचतो आहे, आज लिहितो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालो; संगणक १९९० पासून हाताळत आलो.

लातूरच्या माणसाला मी सांगावे असे नाही, पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात विसरता येत नाही. एकाच इमारतीतले दोन मजले आगीसाठी वेगळे असतील, भूकंपासाठी ती एकच जागा आहे. एक प्रत इमारतीबाहेर हवी, शक्यतो गावाबाहेर. ती मात्र समकालिक करण्याच्या फंदात पडू नका. काचेच्या तंतूतून प्रकाशाला १०० किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. हा विलंब सोसता येईल, पण रस्त्याच्या कामावरील जेसीबी तो तंतू तोडतो तेव्हा दोन दिवस जातात. दुसरीकडे लिहून झाल्याशिवाय पुढे जायचे नाही असा नियम असेल, तर तेवढे दिवस तुमचे लेखनच अडेल. बाहेरची प्रत तासाभराने मागे राहिली तरी चालते.

आणि या धाग्यात अजून कोणी ठामपणे लिहिले नाही, म्हणून लिहितो : दोन प्रती असणे म्हणजे बॅकअप असणे नव्हे. डीआरबीडी तुमची चूकही तितक्याच इमानाने दुसरीकडे लिहिते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या लोकांचे कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरची समजून मुख्य सर्व्हरची डेटाबेस डिरेक्टरी पुसली; सुमारे ३०० गीगाबाइट गेले. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर होत्या, त्या क्षणी त्यांतली एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेला स्नॅपशॉट सापडला, म्हणून कंपनी तरली. त्यांनी हा सगळा वृत्तान्त स्वतःच जाहीर केला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. खंडणीखोर व्हायरसचेही तेच आहे; तो एका प्रतीत शिरला की दुसरी त्याच क्षणी कुलूपबंद होते.

बोर्ग किंवा रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरांपैकी काहीही घ्या, पण महिन्यातून एकदा त्यातून एखादी खरी फाईल परत काढून उघडून पाहा. आमच्या कार्यालयात सात वर्षे टेप बदलली जात होती. आठव्या वर्षी गरज पडली तेव्हा कळले की ड्राइव्हचे हेड कधीच खराब झाले होते आणि टेपा कोऱ्या होत्या. त्यांवर तारखा मात्र सुवाच्य अक्षरात घातलेल्या होत्या.

ज्वारीचे_कणीस (परभणी)

बालाघाट काकांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एवढीच भर घालतो, की आपल्याकडच्या मे महिन्यात यूपीएसच्या बॅटऱ्या कागदावरच्या आयुष्याच्या निम्म्यावर येतात. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांना धरून दिलेले असते आणि दर १० अंशांच्या वाढीला ते साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. वातानुकूलन जनरेटरवर नसेल तर खोलीत किती तापते ते एकदा मोजा. यूपीएस जोडलेले असेल तर नट हे मुक्त सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी संपत आली की ते सर्व्हर रीतसर बंद करते.

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

सुमारे दोन महिन्यांनी लिहितो आहे. काय केले ते नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

सेफ घेतले नाही. नव्या सर्व्हरचा निधी दोन्ही जुन्या यंत्रांच्या मेमरीवर, डिस्कवर आणि नव्या यूपीएसवर खर्च केला. प्रतिमा झेडएफएसवर हलवल्या. ९ टेराबाइट उतरवायला चार रात्री लागल्या. डेटाबेस डीआरबीडी ९ वरच ठेवला. पात्रोनी अधिक योग्य आहे हे मान्य आहे, पण डीआरबीडीचा लॉग माझ्या सहकाऱ्याला वाचता येतो. डीआरबीडी ९ कर्नलमध्ये नसल्यामुळे त्याचे मॉड्यूल वेगळे बांधावे लागते. पहिल्यांदा सिक्युअर बूटने, म्हणजे सही नसलेला कोड अडवणाऱ्या सोयीने, ते लोड होऊ दिले नाही आणि एक अख्खा शनिवार त्यात गेला. दोन सर्व्हरमध्ये थेट केबल जिन्याच्या बाजूने पाइपातून टाकली. साक्षीदार म्हणून बिलिंगचा जुना डेस्कटॉप तळमजल्यावर ठेवला. रात्री एक प्रत उदगीरला आमच्याच एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते. फेन्सिंगसाठी दोन्ही यंत्रांत वॉचडॉग लावला. बहुमत गमावलेले यंत्र स्वतःच रीस्टार्ट होते.

गेल्या रविवारी चाचणी घेतली. आधी फक्त जिन्यातला स्विच काढला. काहीच झाले नाही, थेट केबलने काम सांभाळले. मग केबलही काढली. वरचे यंत्र अर्ध्या मिनिटात रीस्टार्ट झाले आणि मुकाट्याने वाट पाहत बसले. खालचे चालू राहिले. दोन्ही जोडण्या परत लावल्यावर वरच्याने राहिलेले ब्लॉक खालच्याकडून घेतले. स्प्लिट-ब्रेनची ओळ आली नाही. लेखा विभागातील ताई मुद्दाम रविवारी आल्या होत्या आणि शेजारी पावती पुस्तक घेऊन उभ्या होत्या.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

मनःपूर्वक अभिनंदन. एकच विचारतो : तो बिलिंगचा जुना डेस्कटॉप कोणत्या यूपीएसवर आहे? वीज जाताना साक्षीदारही गेला आणि त्याच वेळी दोन मजल्यांमधली वाट तुटली, तर कोणाकडेच बहुमत उरणार नाही आणि दोन्ही यंत्रे थांबतील.

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

आत्ताच खाली जाऊन पाहून आलो. पाणी थंड करण्याच्या मशीनच्या एक्स्टेन्शन बोर्डवर आहे. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावले आहे.